सेक्शन आणि मटेरियल : दोन रकान्यांमागचा इतिहास

आजचा विषय वाचून काही मंडळींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसानं लोखंडाच्या तुळयांवर काय म्हणून बोलायचं? शंका रास्त आहे. पण कल्पनांचा इतिहास शोधताना आपण मोठमोठ्या ग्रंथांकडे धावतो. त्याच कल्पना रोजच्या वापरातल्या एखाद्या फॉर्ममध्ये, एखाद्या रकान्यात मुकाट बसलेल्या असतात आणि तिकडे आपलं लक्ष जात नाही. आज असेच दोन रकाने घेऊ.

इमारतीचा किंवा पुलाचा सांगाडा संगणकावर तपासायचा असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर ज्या सॉफ्टवेअरकडे वळतात, त्यातली काही आता प्लगइनच्या रूपात मिळतात. म्हणजे आरेखनाच्या प्रोग्रॅमला मागून जोडलेली. राइनो नावाचा त्रिमितीय आरेखनाचा प्रोग्रॅम आहे. त्याच्यासाठी २००७ मध्ये डेव्हिड रटन यांनी ग्रासहॉपर तयार केला. पडद्यावर छोट्या छोट्या पेट्या मांडायच्या, त्या तारांनी जोडायच्या, की आकृती तयार होते. गंमत म्हणजे त्याचं सुरुवातीचं नाव होतं ‘एक्स्प्लिसिट हिस्टरी’, म्हणजे उघड दिसणारा इतिहास. आमच्या आजच्या व्याख्यानाला ते नाव फार शोभलं असतं. असो. या ग्रासहॉपरच्या आत चालणारं कारांबा नावाचं प्लगइन व्हिएन्नात क्लेमेन्स प्रायसिंगर यांनी विकसित केलं. आकृतीतल्या रेषांना भार सोसणाऱ्या तुळया मानून त्या किती वाकतील हे ते सांगतं.

आता बघा, रेषेला जाडी नसते. युक्लिडनं हे सांगून ठेवलंय. मग रेषेची तुळई कशी व्हायची? त्यासाठी दोन पेट्या लागतात. एका पेटीत सांगायचं, तुळई आडवी कापली तर तोंड कसं दिसेल : गोल नळी, चौकोन, की इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखं. याला म्हणतात क्रॉस-सेक्शन, आपण नुसतं सेक्शन म्हणू. दुसऱ्या पेटीत सांगायचं ती कशाची आहे : पोलाद, काँक्रीट, लाकूड. हे मटेरियल. बस्स. आकार वेगळा, द्रव्य वेगळं.

आमच्यासारख्याला हे बघितल्यावर ॲरिस्टॉटल आठवणारच. प्रत्येक वस्तू म्हणजे रूप आणि द्रव्य यांचा संयोग, हे त्याचं म्हणणं. आपल्याकडे छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला मातीचा आणि घड्याचा दाखला देतो आणि कौल मातीच्या बाजूनं देतो : माती खरी, आकार हे नाव. इंजिनिअर मात्र हा कौल मान्य करणार नाही. का, ते आकड्यात सांगतो. कारांबामध्ये तुम्ही सेक्शन दिलंच नाही, तर ते स्वतःहून सुमारे ११४ मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि ४ मिलिमीटर जाडी असलेली पोलादी नळी गृहीत धरतं. तेवढंच पोलाद घेऊन भरीव गज केला तर त्याचा व्यास भरतो जेमतेम ४२ मिलिमीटर. द्रव्य तेच, वजन तेच. पण वाकण्याला विरोध करण्यात नळी गजापेक्षा जवळपास १४ पट ताठ. बांबू पोकळ का असतो, याचं उत्तर यात आहे. म्हणजे आकार हे नुसतं नाव नाही. त्याला १४ पट किंमत आहे.

तर मग प्रश्न असा, की हे दोन रकाने वेगळे करावेत हे माणसाला कधी सुचलं? उत्तर चकित करणारं आहे. फार उशिरा. देवळं, कॅथीड्रलं, किल्ले, वाडे सगळं बांधून झालं होतं. वाड्याच्या सुताराला सागाची तुळई किती जाड घ्यायची हे पक्कं ठाऊक होतं, पण ते सागाबद्दलचं ज्ञान होतं आणि तेवढ्या गाळ्याबद्दलचं. ‘सागाची तुळई’ हा त्याच्या लेखी एकच शब्द होता. त्यातून साग बाजूला आणि तुळई बाजूला काढायची गरज त्याला कधी पडली नाही.

पहिलं पाऊल गॅलिलिओचं. १६३८ मध्ये लायडनला त्याचं दोन नव्या विज्ञानांवरचं पुस्तक छापलं गेलं, त्या वेळी तो आर्चेत्रीला नजरकैदेत होता. त्या दोन विज्ञानांपैकी एक गतीचं, ते सगळ्यांना माहीत असतं. दुसरं पदार्थांच्या मजबुतीचं, ते फारसं कुणी वाचत नाही. त्यात भिंतीतून बाहेर आलेल्या तुळईच्या टोकाला वजन टांगलंय. गॅलिलिओ विचारतो, ही मोडेल कधी? आणि तो दाखवतो की मजबुती रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढते, पण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात. पट्टी आडवी धरली तर पटकन मोडते, कडेवर उभी धरली तर दाद देत नाही, हा अनुभव प्रत्येक शाळकरी पोराला असतो. त्याला पहिल्यांदा गणित मिळालं. पोकळ हाडं आणि बोरू यांचाही विचार त्यानं तिथंच केला आहे.

पण त्याची एक समजूत चुकीची होती. तुळई मोडताना तिचा खालचा काठ बिजागरीसारखा काम करतो आणि वरचे सगळे तंतू सारखेच ताणले जातात, असं त्यानं धरलं. आजच्या हिशेबानं त्यामुळे आयताकृती तुळईची ताकद तिप्पट जास्त निघते. इतिहासकार हे मोठ्या चवीनं सांगतात. आमच्या मते मुद्दा वेगळा आहे. गॅलिलिओची तुळई मोडते, पण वाकत नाही! ती ताठ आहे, ताठ, आणि मग एकदम तुटली. पदार्थ ताणला जातो ही गोष्टच त्या चित्रात नाही.

ती गोष्ट रॉबर्ट हूकनं आणली, १६७८ मध्ये. जेवढा ताण तेवढी वाढ, हा त्याचा नियम. आधी १६७६ मध्ये त्यानं तो अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला होता, दुसऱ्या कुणी श्रेय घेऊ नये म्हणून. त्या काळातलं पेटंटच म्हणा ना. पुढे मारिओत, याकोब बर्नुली, पारां, कुलों अशी नावांची रांग आहे. तुळई वाकते तेव्हा वरचे तंतू एका दिशेनं ताणले आणि खालचे दाबले जातात आणि मध्ये कुठंतरी एक थर ना ताणला ना दाबला जात राहतो, हे या रांगेत हळूहळू उमगत गेलं. कुलोंनं १७७३ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे जो निबंध वाचला त्यात तणाव आणि दाब यांचा ताळेबंद नीट बसलेला दिसतो. या रांगेत आपण फार रेंगाळणार नाही, कारण आपला प्रश्न रकान्यांचा आहे आणि रकाने अजून पडलेले नाहीत.

आता ऑयलर. १७४४ मध्ये त्यानं वाकलेल्या पट्टीच्या वक्रांचं संपूर्ण गणित मांडलं. आजही आपण जी समीकरणं शिकतो ती त्या घराण्यातली. त्या गणितात पट्टीचा ताठपणा दाखवणारी एक राशी येते. ऑयलर म्हणतो, ही प्रयोगानं काढा. पट्टी घ्या, वजन टांगा, किती वाकते बघा, मिळाली संख्या. झालं! म्हणजे ऑयलरच्या हातात ‘ताठपणा’ ही एकसंध चीज आहे. तिच्यात द्रव्याचा वाटा किती आणि आकाराचा किती, हे त्याला वेगळं सांगता येत नव्हतं. आजचा विद्यार्थी ती राशी ‘ई गुणिले आय’ अशी लिहितो : ई द्रव्याचा, आय आकाराचा. या छोट्याशा गुणाकाराच्या चिन्हाला आणखी ८२ वर्षं लागली.

मध्ये थॉमस यंग येतो. ज्याच्या नावानं आपण यंग्ज मोड्युलस शिकतो तो. १८०७ साली रॉयल इन्स्टिट्यूशनमधली त्याची व्याख्यानं छापून आली. गंमत बघा, यंगनं स्वतः केलेली व्याख्या आज कुणी शिकवत नाही. त्याचा मोड्युलस म्हणजे त्याच पदार्थाचा एक कल्पित उंच स्तंभ, जो आपल्या वजनानं तळाशी अमुक एक दाब देईल. त्या स्तंभाची उंची बघितली तर ती फक्त द्रव्यावर ठरते. पण त्याचं वजन बघितलं, तर स्तंभ किती जाड आहे तेही त्यात आलं. म्हणजे रकाना अर्धाच पडला. द्रव्याच्या रकान्यात आकार अजून एक पाय ठेवून उभा.

तो पाय बाहेर काढला नाव्हिए यांनी. पॅरिसच्या पूल-रस्ते विद्यालयात ते शिकवत आणि १८२६ मध्ये त्यांचीही व्याख्यानंच छापून आली. व्याख्यानं छापण्याचा हा फायदा, बरं का! नाव्हिए यांनी दोन गोष्टी केल्या. एक, मोड्युलस हा दर एकक क्षेत्रफळामागे धरला, म्हणजे तुकडा जाड असो की बारीक, आकडा तोच. दोन, तो ना ताणला ना दाबला जाणारा थर सेक्शनच्या गुरुत्वमध्यातून जातो हे नीट मांडलं. आता आकाराचा हिशेब केवळ भूमितीचा झाला. कागदावर चौकोन काढा आणि त्याचा ‘आय’ काढा : रुंदी गुणिले उंचीचा घन भागिले १२. या कामाला लाकूड लागत नाही, लोखंड लागत नाही. याला मोमेंट ऑफ इनर्शिया का म्हणतात, हे आम्हाला कायम विचारलं जातं. ते नाव फिरणाऱ्या वस्तूंच्या गणितातून उसनं आणलेलं आहे, सूत्राचा साचा सारखा म्हणून. तुळई कुठं फिरत नाही आणि तिच्या आकाराला जडत्वही नसतं.

रकाने पडले. १८२६ ते आज, दोनशे वर्षं झाली. आता दुसरी बाजू. हे रकाने वेगळे पडताक्षणीच लोखंडानं त्यांना आव्हान दिलं आणि या भागात आपण जरा थांबणार आहोत, कारण इथं माणसं मेली आहेत.

इंग्लंडात तेव्हा बिडाच्या तुळयांचा जमाना होता. बीड म्हणजे ओतीव लोखंड, कास्ट आयर्न. आपल्या घरी बिडाचा तवा असतो, त्यावर कितीही वजन ठेवा, काही होत नाही, पण हातातून पडला तर तुकडा उडतो. दाबाला बीड भक्कम आणि ताणाला कच्चं. ईटन हॉजकिन्सन या गणितज्ञानं मँचेस्टरला १८३० च्या सुमारास बिडाच्या तुळया मोडून मोडून बघितल्या. त्याला आढळलं, की बीड ताणापेक्षा दाब सुमारे सहापट सोसतं. मग तुळईची वरची आणि खालची पट्टी सारखी का ठेवायची? तुळईचा खालचा भाग ताणला जातो, तेव्हा खालची पट्टी वरच्यापेक्षा सहापट मोठी करा. अशी खाली जड, वर हलकी तुळई त्यानं सुचवली आणि ती चालली. लक्षात घ्या, इथं आकार मुक्त राहिलेला नाही. तो सांगतोय की मी बिडासाठी आहे. सेक्शनच्या पेटीत मटेरियल आपसूक शिरलं.

२४ मे १८४७. चेस्टरजवळ डी नदीवरचा रेल्वे पूल. रॉबर्ट स्टीफन्सन यांनी बांधलेला. बिडाचे लांबलचक गर्डर, प्रत्येक तीन तुकडे बोल्टांनी जोडून केलेला, शिवाय घडीव लोखंडाच्या पट्ट्यांनी बाजूनं ओढून धरलेला. त्याच दिवशी लाकडी तक्तपोशीला निखाऱ्यांनी आग लागू नये म्हणून रुळांखाली खडी घातली होती. भार वाढला. संध्याकाळी गाडी पुलावर असताना गर्डर तुटला आणि पाच जण दगावले. नेमकं तुटलं कसं, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. पण घडीव पट्ट्या बिडाला मदत करतील, ही जी समजूत होती ती टिकली नाही. दोन पदार्थ एकत्र बांधले म्हणजे ते एका सेक्शनसारखे वागतील असं नसतं. सरकारनं रेल्वेच्या बांधकामांत लोखंड वापरण्याबद्दल चौकशी आयोग नेमला आणि बिडाचे लांब गर्डर हळूहळू मागे पडले. इमारतींत मात्र बीड राहिलं. मुंबईत काळा घोड्याला वॉटसन हॉटेलची इमारत १८६० च्या दशकात उभी राहिली, तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजानं आणलेला. तिथले बिडाचे खांब दाबाखाली उभे आहेत, म्हणजे बिडाला जे जमतं तेच काम त्यांना दिलंय.

याच स्टीफन्सनच्या दुसऱ्या पुलाची गोष्ट आम्हाला जास्त बोलकी वाटते. वेल्समधला ब्रिटानिया पूल, १८५० मध्ये खुला झाला. घडीव लोखंडाच्या पत्र्यांच्या प्रचंड नळ्या आणि त्यांच्या आतून १९७० पर्यंत रेल्वे जात असे. विल्यम फेअरबर्न आणि तोच हॉजकिन्सन यांनी आधी प्रयोग केले. एक षष्ठांश मापाचा, ७५ फुटी नमुनासुद्धा केला. त्यांना काय दिसलं? नळी खालून फाटत नव्हती, वरून चुरगळत होती! घडीव लोखंड ताणाला चांगलं, पण पातळ पत्रा दाबाखाली कागदासारखा दुमडतो. मग त्यांनी वरचा भाग मजबूत केला, त्यात आठ पोकळ कप्पे घातले आणि खाली सहा. बिडाच्या तुळईत खालचा भाग जड, घडीव लोखंडात वरचा. माणूस तोच, वीस वर्षांत मटेरियल बदललं आणि सेक्शन उलटं झालं.

इतिहासाचं पुस्तक असतं तर आम्ही इथं प्रकरण संपवलं असतं. पण रकाने पुन्हा वेगळे झाले आणि ते पोलादामुळे. पोलाद ताण आणि दाब दोन्ही सारखंच सोसतं, म्हणून वरखाली सारखा ‘आय’ चालतो. लाल तापलेली लादी रुळांमधून लाटून काढायची, की तयार सेक्शन. आता गिरण्या मनाला येईल ते आकार लाटू लागल्या. लंडनचे लोखंडाचे व्यापारी स्केल्टन यांनी १८९५ मध्ये ‘टाइम्स’ला पत्र लिहून तक्रार केली, की सेक्शनांचा हा काय बजबजाट चाललाय. १९०१ मध्ये सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेच्या पुढाकारानं मानकांची समिती बसली. इमारतीच्या पोलादी सेक्शनांचे प्रकार १७५ वरून ११३ वर आले, ट्रामच्या रुळांचे ७५ वरून ५ वर. आणि प्रत्येक सेक्शनचे गुणधर्म तक्त्यात छापले गेले. आता इंजिनिअरनं आकार घडवायचा नाही, यादीतून निवडायचा. तत्त्वज्ञ ज्याला सामान्य आणि विशेष म्हणतात, त्यातलं सामान्य इथं छापील क्रमांक घेऊन आलं.

भारतात हे काम स्वातंत्र्याबरोबर आलं. इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन १९४७ ची. पोलाद दुर्मिळ, पंचवार्षिक योजनांची भूक मोठी, म्हणून १९५० पासून पोलाद वाचवण्याचा कार्यक्रमच हाती घेतला गेला. त्यातून भारतीय सेक्शनांची नवी मालिका आली. तुमच्या घराशेजारी काम चालू असेल तर गर्डर आणणारा कंत्राटदार ‘आयएसएमबी तीनशे’ म्हणतो, ती तीच मालिका : इंडियन स्टँडर्ड मीडियम वेट बीम, उंची ३०० मिलिमीटर. १९६४ साली निघालेली या तक्त्यांची पुस्तिका कैक इंजिनिअरांच्या टेबलावर पिढ्यान् पिढ्या होती.

या तीनशेच्या बीमचे दोन आकडे ऐका. पुस्तिकेप्रमाणे उभ्या दिशेनं वाकताना त्याचा ‘आय’ सुमारे ८६०० सेंमी चतुर्थ घात आहे. तोच बीम कुशीवर टाकला तर सुमारे ४५४. म्हणजे एकोणीस पटीचा फरक! मटेरियल तेच, सेक्शन तेच, क्रमांक तोच, फक्त अंगावर वळला. संगणकाच्या रेषेला मात्र उभं आणि आडवं कळत नाही. म्हणून स्टॅडसारख्या प्रोग्रॅममध्ये ‘बीटा’ नावाचा कोन द्यावा लागतो आणि कारांबातही सेक्शन कुठल्या बाजूला तोंड करून आहे हे वेगळं सांगता येतं. सांगितलं नाही तर प्रोग्रॅम स्वतःच्या नियमानं ठरवतो. हा तिसरा रकाना, जो कुणी रकाना म्हणून मोजत नाही.

संगणक कधी आला? १९६४ मध्ये एमआयटीतून स्ट्रेस नावाची भाषा प्रसिद्ध झाली. स्टीव्हन फेनवेस आणि सहकाऱ्यांची. तोवर इंजिनिअरला मेट्रिक्सचं गणित प्रोग्रॅमरकडून लिहून घ्यावं लागे. स्ट्रेसमध्ये तो आपल्या पेशाच्या शब्दांत लिहू लागला : मेंबर प्रॉपर्टीज, आणि पुढे क्षेत्रफळ आणि ‘आय’चे आकडे. त्यापुढे वेगळ्या ओळीत ‘ई’. बघा, नाव्हिए यांची दोन अक्षरं पंचकार्डाच्या दोन ओळी झाली. पुढे स्टॅडमध्ये आकडेही गेले आणि नुसतं टेबलमधलं नाव राहिलं : आयएसएमबी ३००. प्लगइनमध्ये ओळही गेली, ड्रॉप-डाउन आला. प्रत्येक पायरीला काम सोपं झालं आणि प्रत्येक पायरीला एक आकडा नजरेआड गेला. आम्ही याला ऱ्हास म्हणत नाही. लॉगॅरिदमची पुस्तकं गेली म्हणून कुणी रडत नाही. पण नजरेआड गेलेला आकडा कुठं गेला हे माहीत पाहिजे.

उदाहरणार्थ, तोच ३०० चा बीम. १९८९ च्या सुधारित मानकात त्याच्या पट्ट्या किंचित जाड झाल्या आणि ‘आय’ ९००० च्या जवळ गेला. नाव तेच राहिलं. मग तुमच्या प्रोग्रॅमच्या टेबलात कुठला बीम आहे, चौसष्टचा की एकोणनव्वदचा? टेबल ही एक फाइल असते, कारांबात तर साधी मजकुराची फाइल, उघडून वाचता येते. तशीच मटेरियलची. युरोपीय फाइलीत पोलादाचा ई २१०००० न्यूटन प्रति चौरस मिमी असतो, भारतीय मानक २००००० धरतं. पाच टक्क्यांचा फरक. दोन्ही बरोबर, फक्त कुणाच्या नियमानं तपासतोय ते ठरवलेलं असावं. युनिटचं तसंच. कारांबात घनता नाही, वजन विचारलं जातं, किलोन्यूटन प्रति घनमीटर. पोलादासाठी ७८.५. तिथं सवयीनं ७८५० घातलं तर पूल स्वतःच्या वजनानंच झोपतो. निदान ती चूक दिसते तरी.

न दिसणारी समजूत अशी. तुळई जास्त वाकतेय ना, मग भारी प्रतीचं पोलाद घ्या. तरुण आर्किटेक्ट मंडळी मटेरियलच्या ड्रॉप-डाउनमध्ये एस-२३५ च्या जागी एस-३५५ निवडतात आणि पडद्यावरचं वाकणं तिळमात्र बदलत नाही, म्हणून प्लगइन बिघडलंय असं समजतात. प्लगइन बरोबर आहे. २३५ आणि ३५५ हे पोलाद कायमचं वाकायला कधी लागतं त्याचे आकडे आहेत, त्याच्या ताकदीचे. ताठपणा, म्हणजे ई, दोघांचा एकच. गॅलिलिओची तुळई मोडायची पण वाकायची नाही, हूकची वाकायची. ते दोन वेगळे प्रश्न आजही मटेरियलच्या एकाच पेटीत शेजारी शेजारी बसलेत.

आता क्विबेक सांगतो आणि मग प्रश्न घेऊ. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर जगातला सगळ्यात लांब गाळ्याचा कँटिलिव्हर पूल होत होता. आधी गाळा १६०० फुटांचा ठरला होता, १९०० मध्ये तो १८०० फूट केला. पण पुलाचं स्वतःचं वजन पूर्वीच्या हिशेबावरच धरून ठेवलं गेलं. इथं थांबून विचार करा. सेक्शन मोठं केलं की पोलाद वाढतं, पोलाद वाढलं की वजन वाढतं, वजन वाढलं की सेक्शन पुन्हा मोठं लागतं. दोन रकाने अशी एकमेकांची शेपूट धरून फिरतात. आजचा प्रोग्रॅम ही फेरी क्षणात करतो. कारांबात तर एक पेटीच आहे, सेक्शनांच्या यादीत वरून खाली जात पुरेसा पडणारा पहिला सेक्शन उचलणारी. क्विबेकला ती फेरी वेळेवर झाली नाही. ध्यानात आलं तेव्हा बरंचसं पोलाद तयार होऊन चढलं होतं आणि सल्लागार इंजिनिअर थिओडोर कूपर यांनी वाढलेला ताण चालेल असं ठरवलं.

पण आम्हाला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते खालच्या मेंबरचं सेक्शन. तो एक भरीव तुकडा नव्हता. चार उभ्या पाट्या शेजारी शेजारी आणि त्यांना बांधणारी तिरक्या पट्ट्यांची जाळी. हिशेब करताना चारही पाट्या एकजीव आहेत असं धरलं, म्हणजे कागदावरचा ‘आय’ एकसंध सेक्शनचा. जाळी तेवढी मजबूत नव्हती. ऑगस्ट १९०७ मध्ये त्या पाट्या वाकड्या दिसायला लागल्या. साइटवरच्या माणसांनी मोजमाप घेतलं, पत्रं लिहिली, शेवटी एक अभियंता न्यूयॉर्कला कूपर यांना भेटायला गेला. कूपर यांनी तार केली, जास्त भार घालू नका म्हणून, पण ती पेनसिल्व्हेनियातल्या कंपनीला, साइटला नव्हे. २९ ऑगस्टला दिवसाचं काम संपत असताना पूल कोसळला. ७५ माणसं गेली. त्यात मॉन्ट्रियलजवळच्या मोहॉक वस्तीतले पोलाद चढवणारे कामगार बरेच होते.

आता हाच मेंबर आज प्लगइनमध्ये कसा भरला जाईल? एक रेषा. सेक्शनच्या पेटीत क्षेत्रफळ आणि ‘आय’, एकजीव धरलेला. मटेरियलच्या पेटीत पोलाद. आणि जाळी? जाळीला पेटी नाही. ती भरणारा माणूस आपल्या डोक्यात धरतो आणि वेगळी तपासतो, किंवा प्रत्येक पाटी आणि प्रत्येक पट्टी वेगळी रेषा म्हणून काढतो. दुसरा रस्ता कटकटीचा आहे, म्हणून पहिला घेतला जातो आणि बहुतेक वेळा तो ठीकही असतो. पण कुठला घेतला, हे मॉडेल उघडणाऱ्या पुढच्या माणसाला कळायला हवं, कारण पडद्यावर दोन्ही रेषाच दिसतात.

सांध्यांबद्दल आज बोलायचं राहिलं. दोन रेषा जिथं भेटतात तिथं प्रोग्रॅम काय गृहीत धरतो हा स्वतंत्र विषय आहे, तो पुढच्या वेळी घेऊ. तुमच्यापैकी कुणी या प्रोग्रॅमवर काम करत असेल तर एक करा : आपल्या प्लगइनची सेक्शनची फाइल उघडून त्यात ३०० च्या बीमचा ‘आय’ काय दिलाय तो बघून ठेवा. ८६०० आहे की ९०००, यावरूनच पुढची चर्चा सुरू करू. आता प्रश्न असतील तर विचारा.